वाचकाला तालिका हवी असते काय?

वसंतातील व्याख्यानांना जो श्रोता येतो तो बहुधा गावच्या वाचनालयाचाही सभासद असतो. निदान तसे समजून चालण्याचा आमचा प्रघात आहे. म्हणून प्रारंभीच आपणांस एक साधा प्रश्न विचारतो. आपण ज्या वाचनालयातून पुस्तके आणता, तेथील ग्रंथांची तालिका आपण शेवटची केव्हा पाहिली? पुष्कळांना आठवणार नाही. काहींना तर अशी एखादी वस्तू आपल्या वाचनालयात आहे किंवा नाही हेही सांगता येणार नाही. यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ग्रंथपालांच्या मंडळीत जाऊन बसले की तालिकेची चर्चा संपता संपत नाही. नोंद कशी करावी, लेखकाचे आडनाव आधी की नाव आधी, विषयशीर्षक कोणते द्यावे, कार्डे ठेवावीत की संगणक आणावा, यांवर तासन् तास वाद चालतात. ज्याच्यासाठी हे सारे करावयाचे तो वाचक मात्र त्या सुधारणांकडे ढुंकूनही पाहत नाही, असे दिसते. मग हा खटाटोप कोणासाठी, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्याचाच विचार आज करावयाचा आहे.

एका तालुक्याच्या गावी आम्ही देवघेवीच्या खिडकीपाशी तासभर बसलो होतो. तेंदूपानांचा हंगाम असल्यामुळे गर्दी बेताचीच होती. त्या तासात जे कोणी आले त्यांपैकी एकानेही तालिकेची वही मागितली नाही. "भाऊ, ते पिवळ्या कव्हराचं पुस्तक परत आलं का?" असे एका गृहिणीने विचारले. एका वृद्ध गृहस्थाला शिवकालावरचे 'काहीतरी नवे' हवे होते. पोलीस भरतीची तयारी करणारी दोन मुले सरळ अभ्यासिकेत गेली. त्यांनी पुस्तक मागितलेच नाही, कारण पुस्तके त्यांच्याच पिशवीत होती. एका शिक्षकाने मात्र आपल्या गावाविषयी 'जुने काही छापलेले' आहे का अशी विचारणा केली. ग्रंथपालांनी क्षणभर वर पाहिले, आठवून पाहिले, आणि "नाही, मास्तर" असे सांगितले. मास्तर निघून गेले. हे उत्तर खरे होते की खोटे, याचा उलगडा त्या वाचनालयात कोणीही करू शकले नसते. आमच्या आजच्या विषयाचे मर्म या शेवटच्या प्रसंगात आहे. त्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

प्रथम तालिका म्हणजे काय हे थोडक्यात पाहू. वाचनालयात पुस्तक आले की ते दाखल नोंदवहीत चढते. त्या वहीत आलेल्या क्रमाने नोंद असते, ती हिशेबासाठी. तालिका ही वाचकासाठी असते. चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये तालिकेचे नियम लिहिले, तेव्हा तिचे काम त्याने साध्या शब्दांत सांगितले. लेखक, ग्रंथनाम किंवा विषय यांपैकी एक गोष्ट ठाऊक असली तरी वाचकाला ग्रंथ सापडला पाहिजे. एखाद्या लेखकाचे किंवा विषयाचे ग्रंथालयात काय काय आहे ते एके ठिकाणी कळले पाहिजे. आणि अनेक पुस्तकांतून निवड करावयास मदत झाली पाहिजे. त्याच साली मेल्व्हिल ड्युईचे दशांश वर्गीकरणही प्रसिद्ध झाले. आपल्याकडे बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले. पुस्तकांची कपाटे वाचकाला खुली करणे आणि खेडोपाडी पेट्यांतून पुस्तके फिरविणे ही कामे तेथे झाली, आणि जनार्दन सखाराम कुडाळकरांनी त्या चळवळीचा इतिहास १९१९ मध्ये लिहून ठेवला. पुढे मद्रासेत डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे हा त्यांपैकी एक. तालिकेच्या साऱ्या नियमांची कसोटी या एका वाक्यात येते.

आता वाचकाला याचे काही वाटते काय? एका काळी फार वाटत असे, असे इतिहास सांगतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँटोनिओ पानिझ्झी हा मूळचा इटालियन गृहस्थ ग्रंथपाल होता. त्याने १८४१ मध्ये तालिकेचे ९१ नियम छापले. पुढील काही वर्षांत त्याच्या विरुद्ध एवढा गिल्ला झाला की सरकारला चौकशी मंडळ नेमावे लागले. थॉमस कार्लाइलसारख्या नामांकित ग्रंथकाराने १८४९ मध्ये त्या मंडळापुढे साक्ष दिली. नियमांचे अवडंबर नको, साधी यादी चटकन हाती यावी, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. कॉलिअर नावाच्या दुसऱ्या एका विद्वानाने, हे काम किती सोपे आहे हे दाखविण्यासाठी, आपल्या घरच्या कपाटातील २५ पुस्तकांच्या नोंदी तासाभरात करून दाखविल्या. पानिझ्झीच्या साहाय्यकाने त्या तपासल्या. त्या पंचवीस नोंदींत, नोंदी करताना जेवढ्या म्हणून चुका होऊ शकतात त्या बहुतेक सगळ्या सापडल्या! मंडळाने १८५० मध्ये पानिझ्झीच्या बाजूने निकाल दिला.

या भांडणात दोघांचेही खरे होते. कार्लाइलला तालिकेची सुधारणा नको होती. त्याला पुस्तक हवे होते, आणि ते लवकर हवे होते. पानिझ्झीचे म्हणणे असे की, नोंद अपुरी किंवा चुकीची असेल तर पुस्तक लवकर तर राहोच, कधीच मिळणार नाही. वाचक फळ मागतो आणि ग्रंथपाल मुळाला पाणी घालतो. दोघांच्या नजरा निरनिराळ्या ठिकाणी असल्यामुळे एकमेकांचे बोलणे एकमेकांना निरर्थक वाटते.

कार्डे जाऊन संगणक आले तेव्हा हाच अनुभव पुन्हा आला. अमेरिकेत १९८० नंतर अनेक ग्रंथालयांत संगणकावरील तालिकेविषयी वाचकांना प्रश्न विचारण्यात आले. वाचक लेखकाच्या किंवा ग्रंथाच्या नावाने शोध घेतात, विषयाने फारसा घेत नाहीत, अशी ग्रंथपालांची जुनी समजूत होती. प्रत्यक्षात विषयाने शोध घेणारे पुष्कळ निघाले. म्हणजे वाचकाला विषयाने शोधावयाचे होतेच. कार्डांच्या खणांतून ते जड जात होते म्हणून तो ते टाळीत होता. एखादी सोय वापरली जात नाही एवढ्यावरून ती नको आहे असे ठरविणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसेल. क्रिस्टीन बोर्गमन या विदुषीने १९८६ मध्ये संगणकी तालिका वापरावयास अवघड का जातात याविषयी निबंध लिहिला, आणि दहा वर्षांनी १९९६ मध्ये त्या अद्यापि अवघडच का आहेत याविषयी दुसरा लिहिला. २००९ मध्ये ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने वाचक आणि ग्रंथपाल या दोघांनाही विचारले की, तालिकेत तुम्हांस काय हवे? ग्रंथपालांनी नोंदींतील चुका आणि दुहेरी नोंदी काढून टाकण्यावर भर दिला. वाचकांनी सांगितले की, पुस्तकात काय आहे ते थोडक्यात कळावे, आणि ते आम्हांला मिळेल की नाही व कोठे मिळेल ते कळावे. पुस्तकाचा शोध लागण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते हाती पडण्याला वाचक महत्त्व देतो, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता. कार्लाइलची साक्ष आणि ही पाहणी यांच्यामध्ये १६० वर्षे गेली; वाचक तोच आहे.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. त्याखाली वाचनालयांना मान्यता व अनुदान मिळते आणि 'अ' पासून 'ड' पर्यंत त्यांचे वर्ग लागतात. खेड्यातील 'ड' वर्गाच्या वाचनालयात काही शे पुस्तके, दोनचार कपाटे आणि एक ग्रंथपाल असतो. तेथे ग्रंथपाल हीच तालिका. कोणते पुस्तक कोणाकडे गेले आहे, कोणाला काय आवडते, हे त्याला तोंडपाठ असते. या जिवंत तालिकेची बरोबरी कोणतेही यंत्र करू शकत नाही, हे आम्ही मनापासून मान्य करतो. वाचक कागदी तालिकेकडे वळत नाही याचे पहिले कारण हेच की, त्याला त्याहून चांगली तालिका समोर बसलेली दिसते.

परंतु या जिवंत तालिकेला दोन मर्यादा आहेत. एक, ती रजेवर जाते, निवृत्त होते आणि एके दिवशी कायमची निघून जाते. दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. पुष्कळदा मागितली जाणारी पुस्तके तिच्या लक्षात राहतात. जे पुस्तक पंधरा वर्षांत कोणी मागितले नाही ते तिच्या स्मरणातून गळते. आणि आमच्या त्या मास्तरांना नेमके तसलेच पुस्तक हवे होते.

दुसरे कारण असे की, आपल्या तालिका आपल्या वाचकाच्या जिभेवरची नावे ओळखीत नाहीत. राम गणेश गडकऱ्यांचे उदाहरण घ्या. नाटके गडकऱ्यांच्या नावावर, कविता गोविंदाग्रजांच्या नावावर आणि विनोदी लेख बाळकरामाच्या नावावर. नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठ पाहून काम उरकले तर एकाच गृहस्थाचे तीन गृहस्थ होतात आणि तीन खणांत जाऊन बसतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, अनिल आणि आ. रा. देशपांडे, ग्रेस आणि माणिक गोडघाटे, ही उदाहरणे आपणांस ठाऊक आहेतच. ज्ञानेश्वरी मागणाऱ्याला भावार्थदीपिका हे नाव सुचेलच असे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा ग्रंथ 'गांव-गाडा' असा छापला गेला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर शिकलेला मुलगा 'गावगाडा' असे लिहितो. माणसाला हा फरक खटकतही नाही. संगणकाला मात्र एका अनुस्वाराने आणि एका आडव्या रेघेने ग्रंथ दिसेनासा होतो. शिवाय आत्रे आणि अत्रे यांची गल्लत होऊन आचार्य अत्र्यांच्या कपाटात त्याचा शोध चालतो ते वेगळेच!

सिरोंच्याच्या बाजूला ही अडचण दुप्पट होते. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या काठचा हा मुलूख. पलीकडे तेलंगण, पूर्वेला इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. शाळेत आणि कचेरीत मराठी, बाजारात आणि घरात तेलुगू, जंगलातल्या पाड्यांवर गोंडी आणि माडिया. अशा ठिकाणी तालिकेचे नियम पुण्याहून जसेच्या तसे उचलून चालत नाहीत. मराठी माणसाचे आडनाव शेवटी येते, म्हणून तालिकेत ते उचलून आधी लिहावयाचे असा नियम आहे. तेलुगूत घराण्याचे नाव मुळातच आधी येते. १९७० चे ज्ञानपीठ पारितोषिक ज्यांना मिळाले त्या विश्वनाथ सत्यनारायण यांचे घराणे विश्वनाथ. सत्यनारायण हे त्यांचे स्वतःचे नाव. मराठी नियम आंधळेपणाने लावला तर ते 'सत्यनारायण, विश्वनाथ' होऊन 'स' मध्ये जातील, आणि तेलुगू वाचक त्यांना 'व' मध्ये शोधीत राहील. ड्युईच्या वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ आणि तेलुगू साहित्याला ८९४.८२७ हे अंक आहेत, कारण एक भाषा आर्यकुळातील व दुसरी द्राविडकुळातील. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु ज्या घरात दोन्ही भाषा एकाच चुलीपाशी बोलल्या जातात, त्या घरातील वाचकाला "या विषयावर दोन्ही भाषांत काय आहे?" याचे उत्तर हवे असते, आणि ते विषयाच्या नोंदीवाचून मिळत नाही. गोंडीसाठी तर मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या लिप्या अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आल्या. त्यापूर्वी गोंडी पुस्तकाची नोंद संगणकात त्याच्या लिपीत करण्याची सर्वमान्य सोयच नव्हती.

आता त्या मास्तरांकडे वळू. त्यांना सिरोंच्याविषयी जुने छापील काही हवे होते. समजा, वाचनालयात संगणक आहे आणि त्यांनी त्यावर 'गडचिरोली' हा शब्द घातला. काय मिळेल? गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. त्यापूर्वी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आणि त्या जिल्ह्याचे जुने नाव चांदा. त्याहीपूर्वी, १८६० पासून १८७४ पर्यंत, सिरोंचा हे स्वतःच एका जिल्ह्याचे ठाणे होते. त्या जिल्ह्याचे नाव अप्पर गोदावरी. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला. सिरोंच्याचा भाग चांद्यात आला आणि भद्राचलमकडचा भाग मद्रास इलाख्याच्या गोदावरी जिल्ह्यात गेला. म्हणजे १८७० चे मध्य प्रांताचे गॅझेटियर 'अप्पर गोदावरी' या नावाखाली, १९०९ चे जिल्हा गॅझेटियर 'चांदा' या नावाखाली, आणि नंतरचे 'चंद्रपूर' या नावाखाली. 'गडचिरोली' म्हणून शोधणाऱ्याला यांपैकी एकही दिसणार नाही. पुस्तक कपाटात असेल, नोंदही शुद्ध असेल, आणि तरीही उत्तर 'नाही' असेच येईल.

ही केवळ विद्वानांची हौस आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. आदिवासींखेरीज जे इतर पारंपरिक वननिवासी आहेत, त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या ठिकाणी राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. हिशेब केला तर १९३० च्या मागे जावे लागते. त्या काळचा कागद ज्याच्या घरी आहे असा शेतकरी आपल्या भागात विरळा. नदीचा पूर, वाळवी आणि गळकी छपरे यांतून काय उरणार? परंतु या कायद्याखालील २००७ च्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात गॅझेटियर, खानेसुमारी, जमाबंदीचे अहवाल, नकाशे आणि जंगलखात्याच्या कार्ययोजना यांचा स्पष्ट उल्लेख आहे. एकट्या गॅझेटियरने कोणाचा हक्क सिद्ध होत नाही. एकाहून अधिक पुरावे लागतात. तथापि एखाद्या वस्तीचे, घाटाचे, बाजाराचे किंवा वहिवाटीचे नाव शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी पुस्तकात छापलेले आहे, हे ग्रामसभेपुढे दाखविता येणे ही लहान गोष्ट नव्हे. हे पुस्तक वाचनालयात असून सापडत नसेल, तर नुकसान वाचनाच्या आनंदाचे होत नाही. पोटापाण्याच्या जमिनीचे होते. तालिकेतील एका ओळीचे मोल किती असू शकते, ते येथे कळते.

ती ओळ कोणती? ग्रंथालयशास्त्रात तिला 'पाहा' नोंद म्हणतात. 'गडचिरोली जिल्हा : १९८२ पूर्वीच्या ग्रंथांसाठी चांदा, चंद्रपूर, अप्पर गोदावरी ही शीर्षकेही पाहा', एवढेच लिहावयाचे. तिला पैसा लागत नाही. स्थानिक इतिहासाची थोडी माहिती आणि अर्धा तास लागतो. नवे सॉफ्टवेअर विकत घेतल्याने ती आपोआप येत नाही. यंत्र सांगितलेले शोधते. गावाची नावे कशी बदलत गेली हे त्याला कोणीतरी आधी सांगावे लागते.

म्हणून तालिकेच्या सुधारणांचे आम्ही दोन भाग करतो. पहिल्या भागात त्या सुधारणा, ज्या ग्रंथपालांच्या नियमांना सोयीच्या आहेत, परंतु वाचकाच्या वाटेतील एकही काटा काढीत नाहीत. पुस्तकाची उंची किती सेंटिमीटर आहे हे सिरोंच्याच्या वाचकाला कशाला हवे? शोधफलकाचे रंग बदलले, नवे चिन्ह लावले, समारंभ झाला. वाचक येतो, पाहतो आणि खिडकीपाशी जाऊन पूर्वीसारखेच विचारतो. अशा सुधारणांविषयी तो उदासीन राहिला तर त्याला दोष देता येत नाही.

दुसऱ्या भागातील सुधारणा साध्या आहेत. लेखकाच्या सर्व नावांना एकत्र आणणारी 'पाहा' नोंद ही पहिली. जुन्या आणि नव्या लेखनाची दोन्ही रूपे नोंदविणे ही दुसरी. कथासंग्रह, स्मरणिका आणि व्याख्यानांची पुस्तके यांच्या आत कोणाचे काय आहे ते उलगडून लिहिणे ही तिसरी. कारण अशा पुस्तकांच्या नावावरून आतल्या मजकुराचा पत्ता लागत नाही, आणि स्थानिक इतिहास बहुधा अशाच ठिकाणी दडलेला असतो. पुस्तक कोठे आहे आणि आत्ता कपाटात आहे की बाहेर गेले आहे हे सांगणे ही चौथी. पाचवी सर्वांत स्वस्त आहे. खिडकीपाशी एक वही ठेवावी आणि वाचकाने मागितलेले जे जे मिळाले नाही ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. महिनाअखेर ती वही चाळली म्हणजे आपल्या तालिकेत कोणत्या वाटा बुजल्या आहेत ते दिसते. वाचकाला प्रश्नावली देऊन "तुम्हांस तालिकेची सुधारणा हवी काय?" असे विचारले तर तो संकोचाने "आहे ते ठीक आहे" असे म्हणेल. ही वही मात्र खरे बोलते.

एकट्यादुकट्याने केलेले असे काम किती पुरते याचे उदाहरण मराठीत आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४४ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये. सामान्य वाचकाने दात्यांचे नाव ऐकलेले नसते. परंतु जुन्या मराठी पुस्तकाचा शोध घेणारा अभ्यासक आजही 'दाते सूची'पाशी येतो, आणि त्याने लिहिलेले पुस्तक तो सामान्य वाचक आवडीने वाचतो. तालिकेचा उपयोग असा दुरून पोचतो. ज्याला पोचतो त्याला तिचे नावही ठाऊक नसते.

संगणकाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण तो मोठ्या शहरांचा विषय आहे अशी समजूत आहे. जगभर वापरली जाणारी 'कोहा' ही ग्रंथालयाची मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या आडबाजूच्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये चालू झाली. त्यांची जुनी यंत्रणा नव्या शतकाचे साल पेलणार नव्हती, म्हणून त्यांनी आपल्यापुरती नवी करून घेतली आणि सर्वांना मोफत दिली. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थच देणगी असा आहे. आपल्या देशात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' प्रणालीही आहे. साधने दुर्मिळ नाहीत. फक्त एक सावधगिरी बाळगावी. पुष्कळ वाचनालयांनी आपल्या याद्या जुन्या फाँटांत टंकून ठेवल्या आहेत. पडद्यावर मराठी दिसते, पण यंत्राच्या लेखी ती अक्षरे भलतीच असतात, आणि शोध घेतला की काहीच सापडत नाही. नोंद युनिकोडमध्येच करावी. तसेच वर्णक्रम लावताना संगणक 'क्ष' ला 'क' मध्ये आणि 'ज्ञ' ला 'ज' मध्ये बसवितो. शाळेत ती अक्षरे शेवटी शिकलेला वाचक 'ज्ञानेश्वर' शेवटच्या पानावर शोधतो. तेथे एक सूचना लिहून ठेवली की काम भागते.

येथे कोणी अशी शंका घेईल की, जेथे पुस्तकेच थोडी तेथे तालिकेचे एवढे स्तोम कशाला? आधी पुस्तके घ्यावीत. ही शंका रास्त आहे, आणि निवड करण्याची वेळ आली तर आम्हीही आधी पुस्तके घ्या असेच म्हणू. वाचक हाती पडणाऱ्या पुस्तकाला अधिक मानतो, हे आपण वर पाहिलेच. पण जेथे पुस्तके थोडी तेथे असलेले एकही वाया जाता कामा नये. हजारो ग्रंथांच्या संग्रहात एक हरवले तर दुसरे मिळते. तीनशेंच्या संग्रहात सिरोंच्याविषयीचे एकच पुस्तक असते. शिवाय जे आपल्याकडे नाही ते कोठे आहे हे सांगणे हेही तालिकेचेच काम आहे. जुन्या गॅझेटियरांच्या प्रतिमा आज संगणकावर पाहावयास मिळतात. तालिकेत तशी एक नोंद असेल, तर चार कपाटांच्या वाचनालयालाही "नाही, मास्तर" असे म्हणण्याऐवजी "येथे नाही, पण अमक्या ठिकाणी आहे, बसा, दाखवतो" असे म्हणता येईल.

तेव्हा मूळ प्रश्नाचे आमचे उत्तर असे. वाचकाला तालिकेच्या सुधारणेची पर्वा नसते, आणि ती नसणे स्वाभाविक आहे. नदीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडे जाण्यासाठी नावेची वाट पाहावी लागे. पूल झाला. आता त्यावरून जाणारा माणूस पुलाचा विचार करीत नाही. पलीकडच्या बाजाराचा, आजारी नातलगाचा किंवा लेकीच्या सासरचा विचार करतो. पूल चांगला आहे याची खूण हीच की, तो कोणाच्या मनात येत नाही. ज्या दिवशी तो बंद पडतो त्या दिवशी गावभर त्याचीच चर्चा होते. मात्र तालिकेच्या बाबतीत एक दुर्दैव आहे. हा पूल मोडलेला असला तरी वाचकाला ते कळत नाही. पलीकडे काठच नाही, असे समजून तो मुकाट्याने परत फिरतो, जसे आमचे मास्तर परत फिरले. तक्रार येत नाही याचा अर्थ सर्व आलबेल आहे असा घेऊ नये.

म्हणून आपणां श्रोत्यांस आमची एकच विनंती आहे. पुढच्या खेपेस वाचनालयात जाल तेव्हा आपल्या गावाचे नाव, जुने आणि नवे, दोन्ही तालिकेत शोधून पाहा. सापडले तर ग्रंथपालांना तसे आवर्जून सांगा. त्यांच्या कामाला दाद देणारे लोक फार थोडे भेटतात. न सापडले तरी सांगा, आणि ती नावे त्यांना लिहून द्या. ती वृद्धांच्या तोंडी आहेत, सातबाऱ्यावर आहेत, जुन्या पत्रांच्या पत्त्यांवर आहेत. तालिका ग्रंथपालाने लिहावयाची असली, तरी तिच्यात कोणती नावे असली पाहिजेत हे गावालाच ठाऊक असते.